वाऱ्यावरची फवारणी

गल्लीत त्यांना सगळे काटासाहेब म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. नोकरीत असताना ते वजनमापांचे निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले, आतून पोखरलेली वजनं नुसती हातात घेऊन ओळखली, आणि "इतकंसं काय ते, साहेब" म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, की इतकंसं असं काही नसतं. काटा मध्ये असतो, नाहीतर नसतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीत कुणाचं काही अडलं, नळाचा मीटर पळायला लागला, दोघांत हद्दीवरून जुंपली, की लोक म्हणायचे, साहेबांना विचारा. साहेबांनी सांगितलं की विषय संपला.

निवृत्तीनंतर हा सगळा काटेकोरपणा घरापुढच्या हिरवळीवर येऊन बसला. हिरवळ काही मोठी नव्हती, पंधरा पावलं लांब आणि नऊ पावलं रुंद. पण तिच्यात एक उपरं पान त्यांना खपत नसे. सकाळचा चहा झाला की खुरपं आणि जुनं घमेलं घेऊन ते उकिडवे बसत आणि एका कडेनं सुरुवात करत. आंबुशी, दुधी, घोळ, लव्हाळा, सगळ्या तणांची कुंडली त्यांना पाठ. लव्हाळा वरून उपटला तर खाली गाठ राहते आणि आठवड्यात तो पुन्हा डोकं वर काढतो. आंबुशीची शेंग तडकली की बिया हातभर उडतात, म्हणून ती शेंगेवर येण्याआधीच काढायची. बायको म्हणायची, माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं असतंत तर संसार सोन्याचा झाला असता. ते हसण्यावारी नेत.

खरी डोकेदुखी कमरेएवढ्या भिंतीपलीकडे होती. तिथे सिस्टर राहायच्या. त्यांची सगळी नोकरी इस्पितळात नर्स म्हणून झाली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दूर. काटासाहेबांना त्या भाऊ म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. आणि ते त्यांना सिस्टर म्हणत. त्या नात्याची गंमत दोन्ही घरांना वीस वर्षं पुरली होती. सिस्टरांची बाग म्हणजे सगळा आनंदीआनंद. जे उगवेल ते उगवू दे, त्यालाही जगायचंय, असा त्यांचा खाक्या. त्यांच्याकडच्या तणाचं बी वाऱ्यानं इकडे यायचं आणि काटासाहेब मनातल्या मनात चडफडत ते उपटत बसायचे. तोंडानं मात्र कधी बोलले नाहीत. शेजार चांगला होता.

त्या बागेत शिस्तीची एकच जागा होती, भिंतीलगतचा टोमॅटोचा वाफा. खुब्याचं हाड मोडल्यामुळे सिस्टरांना दोन वर्षं तो लावता आला नव्हता. या वर्षी काठी टेकत टेकत त्यांनी कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडून अठरा रोपं आणली, बुटक्या स्टुलावर बसून लावली, आणि प्रत्येकाला कामटी देऊन जुन्या बँडेजच्या पट्टीनं बांधलं. झाडं छातीएवढी झाली. बोराएवढी हिरवी फळं धरली. पिकली की घरटी एक वाडगा वाटायचे, असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

त्याच सुमारास काटासाहेबांचे गुडघे संपावर गेले. डॉक्टरांनी उकिडवं बसायला साफ मनाई केली. तीन आठवडे त्यांनी खुर्चीत बसून हिरवळीकडे पाहिलं, आणि तीन आठवड्यांत आंबुशीनं अर्धी हिरवळ गिळली. शेवटी ते जाऊन तणनाशकाची बाटली आणि पाठीवरचा फवारणीचा पंप घेऊन आले. दुकानदारानं सांगितलं, हे गवताला धक्का लावत नाही, रुंद पानांचं तण तेवढं मारतं. घरी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि बाटलीवरचं बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एकतीस वर्षांची सवय होती. त्यात लिहिलं होतं, वारा असताना फवारू नये. टोमॅटो, द्राक्षं अशा नाजूक पिकांजवळ फवारू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता, पण औषध मोजून मिसळेपर्यंत दुपार झाली आणि वारा सुटला. फार नव्हता. दोरीवरचे कपडे हलत होते, इतकाच. बायको कपडे काढायला बाहेर आली आणि म्हणाली, वारा सुटलाय. ते म्हणाले, झालंच. पंप पाठीवर होता, औषध तयार होतं, आणि डोळ्यांसमोर ती आंबुशी शेंगेवर आली होती. इतकासा वारा, त्याचं काय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी भिंतीच्या कडेपर्यंत फवारलं, पंप धुतला, हात धुतले आणि चहा मागितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी भिंतीवरून हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. काटासाहेब गेले. अठराच्या अठरा झाडांचे शेंडे पिळल्यासारखे वळून खाली वाकले होते. पानं अरुंद होऊन दोरीसारखी गुंडाळली होती. भिंतीजवळची सगळ्यांत जास्त, लांबची थोडी कमी. पाहताक्षणी त्यांना कळलं. कळायला वेळच लागला नाही. त्यांनी भिंतीचा आधार घेतला, आणि सिस्टरांना वाटलं गुडघा दुखतोय.

"भाऊ, काय झालं हो यांना?" त्यांनी विचारलं.

त्याच क्षणी खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. त्यांच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण सिस्टर त्यांच्याकडे अशा विश्वासानं पाहत होत्या, की तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"रोग वाटतोय," ते म्हणाले. "विषाणूचा असावा."

"म्हणजे रोपांतूनच आला असणार."

"असू शकतं."

असू शकतं, हा शब्द त्यांनी नोकरीत एकाही अहवालात लिहिला नव्हता.

आता सिस्टर पडल्या नर्स. रोग म्हटल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. हातमोजे घातले, तोंडाला पट्टी बांधली, अठरा झाडं मुळासकट उपटली आणि कोपऱ्यात नेऊन जाळली. कात्री स्पिरिटनं पुसली. आणि मग त्यांनी तेच केलं जे त्या साथीच्या दिवसांत करत आल्या होत्या. काठी घेऊन त्या गल्लीभर फिरल्या. तीसएक घरं होती. प्रत्येक दारात त्यांनी सांगितलं, की रोपवाल्याच्या रोपांत विषाणू आहे, सध्या त्याच्याकडून काही आणू नका, आणलं असेल तर वेगळं ठेवा. आणि हे मी म्हणत नाही, काटासाहेबांनी पाहून सांगितलंय. त्यात कपट तिळाएवढं नव्हतं. एका वाफ्यातली लागण दुसऱ्यात जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू.

काटासाहेबांच्या घरात याविषयी एक शब्द निघाला नाही. बायकोनं फवारणीच्या दिवशीचा शर्ट दोनदा धुतला, वास जाईना म्हणून तिसऱ्यांदा धुतला, आणि घडी करून त्यांच्यापुढे ठेवला. ठेवताना त्यांच्याकडे पाहिलं. ते वर्तमानपत्रात बघत राहिले. वहिनींचा आणि सिस्टरांचा जीव एकमेकींवर होता, पण त्या दिवसापासून वहिनी भिंतीशी गप्पा मारायला गेली नाही. स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची.

सिस्टरांनी मात्र काटासाहेबांना आणखी जवळ केलं. माती पुन्हा शुद्ध कशी करायची ते तुम्हीच बघा भाऊ, असं म्हणून त्यांनी फाटकाची जादा किल्ली आणून हातात दिली. नाही कसं म्हणणार? मग रोज सकाळी ते पलीकडे जाऊ लागले. सिस्टरांचंच बुटकं स्टूल घेऊन त्या रिकाम्या वाफ्याजवळ बसायचे आणि वीस वर्षांचं माजलेलं तण हातानं काढायचे. गुडघे ठणकायचे. ते ठणकले की थोडं बरं वाटायचं. पण दहा मिनिटांत फाटकावरून कुणीतरी जायचं आणि सिस्टर ओट्यावरून सांगायच्या, बघा, या वयात, गुडघे असे असताना, माझ्यासाठी येऊन बसतात. सख्खा भाऊ करणार नाही. जाणारा माणूस मान हलवायचा. काटासाहेब मान खाली घालून लव्हाळ्याची गाठ शोधत राहायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. उठून जावं तर सिस्टर विचारणार काय झालं, आणि बसावं तर हे ऐकायचं.

त्यांची स्वतःची हिरवळ मात्र आता चकचकीत झाली होती. आंबुशी पिवळी पडून गेली, दुधी गेली, गवत दाट झालं. लोक थांबून बघायचे. ते पडवीतली खुर्ची फिरवून पाठ करून बसायला लागले.

असे पंधरा दिवस गेले. येता-जाता त्यांना रोपवाल्याची जागा दिसायची. हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या रांगा, आणि मध्ये रोपवाला पाण्याची झारी घेऊन फिरतोय. पूर्वी सुट्टीच्या सकाळी तिथे उभं राहायला जागा नसायची. आता तो एकटाच असायचा. काटासाहेब रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालायला लागले.

मग एका संध्याकाळी रोपवाला स्वतःच त्यांच्या दारात आला. मध्यम वयाचा, हळू बोलणारा माणूस, नखांत कायम माती. हातात एक ट्रे, त्यात टोमॅटोची तीन रोपं, हिरवीगार. त्यानं चपला बाहेर काढल्या आणि बस म्हटलं तरी बसला नाही. सिस्टरांनी नेली त्याच वाफ्यातली ही रोपं, असं तो म्हणाला. त्यानं पानं उलटसुलट करून पाहिली होती, भिंग लावून पाहिली होती, त्याला काही दिसलं नव्हतं. काटासाहेबांना वाटलं, आता हा भांडणार. भांडला असता तर किती बरं झालं असतं.

"साहेब, सिस्टर खोटं बोलणार नाहीत आणि तुमचं माप चुकणार नाही," रोपवाला म्हणाला. "म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं असणार. तेवढं कुठे ते सांगा. सगळी रोपं जाळायची असतील तर जाळतो. पण एकदा तुम्ही बघा."

काटासाहेबांनी ट्रे हातात घेतला. "बघतो," एवढंच ते म्हणाले. रोपवाला नमस्कार करून गेला.

बायको आतल्या दारात उभी होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ती या विषयावर बोलली. "अहो, तो माणूस स्वतःवर शंका घ्यायला लागलाय," ती म्हणाली, आणि आत गेली.

सकाळ होताच काटासाहेब फाटक उघडून सिस्टरांच्या ओट्यावर गेले. स्टूल घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "सिस्टर, तुमची झाडं रोगानं गेली नाहीत. माझ्यामुळे गेली. मी तणनाशक मारलं, त्या दिवशी वारा होता."

सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि हसल्या. अगदी मायेनं हसल्या.

"भाऊ, काल रोपवाला तुमच्याकडे आला होता. मी खिडकीतून पाहिलं."

"त्याचा काय संबंध?"

"तुमचं मन पाघळलं, दुसरं काय. त्याच्यासाठी स्वतःवर घेताय. तुम्ही वाऱ्यात फवाराल? बाटलीवरचं वाचल्याशिवाय तुम्ही खोकल्याचं औषधसुद्धा घेत नाही."

त्यांनी पुन्हा सांगितलं. तारीख सांगितली, वेळ सांगितली, दोरीवरचे कपडे हलत होते ते सांगितलं. जितकं तपशिलात शिरावं तितक्या सिस्टर जास्त हळव्या व्हायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, तुमच्यासारखा माणूस आहे म्हणून गल्ली आहे. काटासाहेब घामाघूम झाले. आयुष्यभर कमावलेलं नाव आता भिंतीसारखं समोर उभं होतं आणि दार कुठे दिसेना. घरी येऊन त्यांनी बायकोला विनवलं, की तू चल, तू सांग. ती म्हणाली, "माझी साक्ष कशाला? तुम्ही केलंत, तुम्हीच निस्तरा." रागानं नाही म्हणाली. पण गेली नाही.

तासभर ते तसेच बसून राहिले. मग उठले. ट्रेमधली दोन रोपं दोन कुंड्यांत लावली आणि तणनाशकाची बाटली घेऊन पुन्हा पलीकडे गेले. सिस्टरांना म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा. एक कुंडी त्यांनी घराच्या पार मागच्या खिडकीत नेऊन ठेवली. दुसरी ओट्याच्या टोकाला. मोजून पाणी घेतलं, त्यात मोजून औषध घातलं, आणि सिस्टरांच्याच इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्यानं त्या दुसऱ्या रोपावर एकदा, लांबूनच, हलकंसं उडवलं. वाऱ्यानं उडालं असेल तेवढंच. सिस्टरांना हे सगळं पोरखेळ वाटत होतं. पण नर्सचा हात स्वस्थ बसेना. त्यांनी कागद घेतला, वेळ लिहिली आणि खाली रेघा मारल्या.

संध्याकाळी शेंडा किंचित वाकला होता. पाणी कमी पडलं असेल, सिस्टर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडा वळला होता आणि पानांच्या कडा गुंडाळायला लागल्या होत्या. मागच्या खिडकीतलं रोप ताठ उभं. सिस्टरांनी तेही लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी काटासाहेब गेले तेव्हा त्या कुंडीपुढे स्टुलावर बसल्या होत्या, कागद मांडीवर. रोप दोरीसारखं पिळलं होतं. अठरा झाडांचं जे झालं होतं तेच, हुबेहूब.

त्यांनी कागदाची घडी केली. मग म्हणाल्या, "झाडांचं काही नाही. झाडं परत लावता येतात. मी त्या माणसाचं नाव घेऊन घरोघर फिरले. तुम्ही इथे माझ्या बागेत बसला होतात. तुमच्या कानांवर येत होतं."

"हो."

"रोज येत होतं."

"हो."

सिस्टरांनी काठी घेतली. "चला, साहेब," त्या म्हणाल्या. वीस वर्षांत त्यांनी काटासाहेबांना तोंडावर कधी साहेब म्हटलं नव्हतं.

त्या पुढे आणि ते मागे, असे दोघं कोपऱ्यापर्यंत चालत गेले. जाळीखाली रोपवाला होता आणि एक नवराबायको गुलाबाची कुंडी बघत होती. कुठून तरी बाहेरून आली असावीत. सिस्टरांनी आधी स्वतः हात जोडले, म्हणाल्या की न तपासता मी तुमची बदनामी केली, माझी चूक झाली. आणि मग बाजूला सरकल्या, काटासाहेबांना पुढे यायला जागा करून.

काटासाहेबांनी सांगितलं. त्या अनोळखी नवराबायकोसमोर, एकही शब्द गाळला नाही. रोपवाला झारी हातात धरून ऐकत होता. झारीतून पाणी त्याच्या पायावर गळत होतं, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

"म्हणजे माझ्या रोपांत काही नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"काही नव्हतं."

"साहेब, तुम्ही बघतो म्हणालात. मी एक दिवस वाट पाहिली. मग काल टोमॅटोचे सगळे ट्रे जाळले. मिरचीचेही जाळले, म्हटलं एकात असेल तर दुसऱ्यात गेलं असेल." त्यानं मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे काळा ढीग होता. मग त्यानं झारी खाली ठेवली आणि गुलाबवाल्या बाईंना विचारलं, कोणता रंग हवा. काटासाहेबांकडे त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

परतताना सिस्टर पुढेच चालत राहिल्या. स्वतःच्या फाटकाशी त्यांनी नुसता हात पुढे केला आणि काटासाहेबांनी किल्ली त्यावर ठेवली.

घरी बायको ताट वाढून बसली होती. सांगितलंत का, तिनं विचारलं. ते म्हणाले, सांगितलं. कुणाला? होते त्यांना. तिनं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "सिस्टर तर प्रत्येक दारात जाऊन आल्या होत्या."

त्यांनी अर्धं जेवण तसंच ठेवलं, हात धुतला आणि चपला घातल्या. बायकोनं अडवलं नाही. गल्लीच्या पहिल्या घरापासून त्यांनी सुरुवात केली. पहिल्या घरातल्या आजींनी ऐकून घेतलं आणि कानाला हात लावून विचारलं, कुणी जाळलं म्हणता? त्यांना तीनदा सांगावं लागलं. दुसऱ्या घरातल्या बाईंनी नुसतं बरं म्हटलं आणि दार लावलं, जरा जोरातच. आतून कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं.

तिसरं घर एका शिंप्याचं होतं. तो गळ्यातली टेप सावरत बाहेर आला, बसा म्हणाला. काटासाहेब उभेच राहिले आणि सगळं सांगितलं. शिंप्यानं मान डोलावून ऐकलं, होतं असं, माणूस आहे, असं म्हणाला. मग त्यानं आपल्या घरापुढच्या वीतभर हिरवळीकडे पाहिलं. तिच्यात आंबुशी माजली होती.

"पण साहेब, तुमची हिरवळ झालीय मात्र झकास," तो म्हणाला. "त्या औषधाचं नाव काय म्हणालात?"

काटासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. अजून सत्तावीस-अठ्ठावीस घरं राहिली होती आणि गुडघे भरून आले होते. ते त्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, नाव सांगतो, पण आधी तुझ्या शेजारी काय काय लावलंय ते दाखव.